वळण फक्त मुलीलाच?

1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली, पण तोवर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्यावर संतापल्या. 1882 मध्ये पुण्यात छापलेल्या 'स्त्री पुरुष तुलना'त त्यांनी थेट विचारलं, की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? नवरा मेल्यावर सगळे निर्बंध बायकोवरच, आणि बायको मेल्यावर नवरा लगेच बोहल्यावर उभा, हा कुठला न्याय?

हे बळ कुठून आलं? ताराबाईंना शिकवलं घरीच, वडिलांनी. बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. ज्या वर्तुळात पोथीच्या अधिकारालाच आव्हान दिलं जात होतं, तिथल्या घरात ही मुलगी वाढली. अक्षरओळखीपेक्षा मला हे अधिक मोलाचं वाटतं. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले.

त्याच दशकात, 1884 मध्ये, पुण्यात मुलींसाठी हुजूरपागेची शाळा निघाली. मुलींना इंग्रजी कशाला, शाळेचे तास कमी करा, घरकाम शिकवा, असा सूर टिळकांच्या 'मराठा' या वर्तमानपत्राने लावला. म्हणजे शिकवा, पण घराची घडी विस्कटू देऊ नका.

ती अट आपण अजून सोडलेली नाही. उच्च शिक्षणातलं मुलींचं नोंदणीचं प्रमाण 2021-22 मध्ये 28.5 टक्के होतं, मुलांचं 28.3. महाराष्ट्राने 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. उत्तमच. पण त्याच 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला 289 मिनिटं त्यात घालवताना दिसतात. घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तर सुमारे 45 टक्के स्त्रियांनी, काही कारणं असतील तर नवऱ्याने बायकोला मारणं योग्य ठरवलं. सासू-सासऱ्यांचा मान न राखणं हे त्यांतलं एक कारण. यातल्या कितीतरी जणी शाळेत जाऊन आलेल्या आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की संस्कारांमुळेच आपली घरं टिकली. टिकली खरी, पण कोणाच्या सोसण्यावर? आणि सोसण्याला नीती म्हणायचं का? जिला 'नाही' म्हणायची मुभाच नाही, तिच्या 'हो'ला चांगुलपणाचं श्रेय कसं देणार? बरंवाईट स्वतः पारखायचं, निर्णय घ्यायचा, चुकला तर निस्तरायचा, यातूनच माणसाची नीती घडते. मुलगी कोणती शाखा घेणार, कोणत्या गावी शिकणार, कोणाशी लग्न करणार, हे सगळं घरच्यांनी ठरवायचं आणि तिच्याकडून मात्र कणखर चारित्र्याची अपेक्षा करायची, हे जमणारं नाही. शिक्षिकेची नोकरी करणारी बाई पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या हाती देते, तेव्हा तिची पदवी अपुरी पडत नाही. तिला लावलेलं वळण तिथे बोलत असतं.

मुलाचं काय? त्याला वळण लावायचं बहुतेक घरांच्या ध्यानातच येत नाही. उशिरा आलेल्या बहिणीला जाब आणि भावाला गरम पोळी, हा धडा तो दहा वर्षांचा होईतो पाठ करतो. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, तर त्याची बातमी झाली! ज्या घरात ते चित्र रोज दिसतं, तिथल्या मुलाला समतेवर निबंध पाठ करावा लागत नाही.

पुढच्या पालकसभेत मुलीचे टक्के जरूर विचारा. घरी आल्यावर मुलाला स्वतःचा डबा घासायला लावा आणि मुलीच्या पुढच्या प्रवेशाचा अर्ज तिचा तिला भरू द्या. दोघांच्याही नीतीचं शिक्षण तिथून सुरू होतं.