गट पाडतानाच निकाल लागतो

प्रबंध सादर करायची तारीख तोंडावर आली की मिरजेतल्या माझ्या घरी मुलांची रीघ लागते. कुणी एमडीचा, कुणी फार्मसीची, कुणी नर्सिंगची. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी हा उद्योग मागे लागलेलाच आहे. पेन ड्राइव्हमध्ये एक्सेलची फाइल आणि तोंडी एकच मागणी, ‘मॅडम, तेवढी टी-टेस्ट लावून द्या.’ एखादा धीट गडी पुढचंही विचारतो, ‘पी व्हॅल्यू पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली येईल ना?’

टी-टेस्ट लावायला मिनिटही लागत नाही. पण निकाल त्या मिनिटात लागत नसतो. तो लागतो दोन गट पाडतानाच, आणि नेमकं तेव्हा आम्हा संख्याशास्त्रवाल्यांना कुणी विचारत नाही.

ही कसोटी करते काय? दोन तुकड्या घ्या, प्रत्येकी दहा मुलांच्या. एकीची सरासरी दुसरीपेक्षा पाच गुणांनी वर आहे. मग ती तुकडी सरस म्हणायची का? गुण किती पांगलेले आहेत, त्यावर ते ठरतं. प्रमाण विचलन १५ असेल, म्हणजे कुणी चाळिशीत तर कुणी ऐंशीच्या घरात, तर टी, म्हणजे या कसोटीतून निघणारा आकडा, येतो ०.७५ च्या आसपास. विचलन चारच असेल, तर २.८. एवढ्या मुलांसाठी टी साधारण २.१ च्या पुढे जावा लागतो. गेला, तर एवढंच म्हणता येतं की मुळात काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढी तफावत शंभरात पाचांहून कमी वेळा दिसली असती; पी व्हॅल्यू पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली म्हणतात ती हीच. सरासरीतला फरक दोन्हीकडे पाचच गुणांचा. म्हणून नुसती सरासरी मिरवणारी जाहिरात, मग ती क्लासची असो वा खताची, मी वाचून सोडून देते. उलट, हजारो माणसं मोजली की अगदी फुटकळ फरकही या कसोटीला उतरतो. फरक कामाचा आहे का, हे टी सांगत नाही.

कसोटी काढणारा विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कंपनीत बीअर बनवण्याच्या कामावर होता. तिथे चाचण्या मोजक्याच होत, आणि तेव्हाची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठीची. चार-पाच मोजमापांवरून किती छातीठोकपणे बोलावं, हा त्याचा प्रश्न. त्याने ३,००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे पिसले आणि चार-चारांचे ७५० गट करून आपलं गणित पडताळून पाहिलं. १९०८ साली ‘बायोमेट्रिका’त त्याचा लेख आला तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, कारण कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे.

त्याच लेखात दहा रुग्णांच्या झोपेचे आकडे आहेत. एका औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. दोन्ही औषधं त्याच दहा जणांना दिलेली. प्रत्येक रुग्णाचा स्वतःपुरता फरक काढून कसोटी लावली, तर टी ४.०६ येतो आणि शंकेला फारशी जागा उरत नाही. तेच वीस आकडे दोन निरनिराळ्या गटांचे समजून लावले, तर टी १.८६ वर अडकतो. आकडे तेच, संगणक तोच. ते कुणाकडून आणि कसे घेतले, हे संगणकाला ठाऊक नसतं. ते आपण सांगायचं असतं.

गट पाडण्यात घोटाळा झाला तर संख्या वाढवूनही भागत नाही. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशर इथे २०,००० शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. निम्म्यांना चार महिने रोज पाऊण पिंट दूध, निम्म्यांना नाही. पण गट विषम वाटले तर मुलं बदलायची मुभा शिक्षकांना होती, आणि परिणाम असा झाला की दूध न मिळालेला गट सुरुवातीपासूनच अधिक उंच आणि वजनदार होता. शिक्षकांनी दयाबुद्धीने हडकुळ्या, गरीब मुलांना दुधाच्या गटात घातलं असावं, असं गॉसेटचं निदान. वजनंही कपड्यांसकट, पहिली फेब्रुवारीच्या थंडीत आणि शेवटची जूनमध्ये. १९३१ साली त्याने लिहिलं की एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या, तर याहून भरवशाचं उत्तर थोडक्या खर्चात मिळालं असतं.

आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, ‘रँडम पद्धतीने’ असे दोन शब्द लिहिले की काम भागतं. गुडघेदुखीच्या दोन औषधांची तुलना केलेल्या एका मुलाला मी विचारलं, ‘रँडम म्हणजे काय केलंस रे?’ म्हणाला, ‘सोमवारच्या ओपीडीचे एका गटात, गुरुवारचे दुसऱ्यात.’ गुरुवार तिथला बाजाराचा दिवस. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणारी माणसं महिनोन् महिने दुखणं अंगावर काढून आलेली, आणि तीही बाजार करता करता. सोमवारवाले बहुतेक गावातलेच. त्याची पी व्हॅल्यू आली ०.०१. मुलगा खूश झाला. पण तो आकडा औषधांचा की वारांचा, हे सांगणारी कसोटी कुणाकडेच नाही. पेशंट येताक्षणी बंद पाकिटातून चिठ्ठी काढली असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. पाकिटांचा खर्च तो किती!

याचा दोष मी मुलांना देत नाही. तीन वर्षांत ड्यूट्या, परीक्षा आणि वर प्रबंध, यात कुणाला फुरसत आहे? दोष पद्धतीचा आहे. विद्यापीठांनी सिनॉप्सिसला एक पान जोडायला लावावं: गटात कोण येणार, कोणाच्या चिठ्ठीने येणार, किती जण लागणार आणि ते कशावरून ठरवलं. त्यावर संख्याशास्त्राच्या माणसाची सही हवी. सही नसेल तर पहिल्या पेशंटचं नावही फाइलीत चढू नये. याने प्रबंध थोडे कमी होतील. त्यावाचून कुणाचं काही अडणार नाही.