मुद्देमाल आहे, पण हात लावू नका!

मंडळी, पोलिस स्टेशनातली मुद्देमालाची खोली म्हणजे एक अजब म्युझियम असतं. गंजलेले कोयते, दारूचे कॅन, कुणाचा तरी फुटका मोबाइल... प्रत्येकाला खाकी कागद, सुतळी, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. ‘माल जागीच सीलबंद केला’ असं पंचनाम्यात लिहिलं की अर्धी लढाई जिंकली. आता याच रॅकवर एक असं पार्सल ठेवा, की ज्यातून बाहेर पडणारी गोष्ट लाखेला अजिबात जुमानत नाही. शेजारच्या टेबलावर मुद्देमाल कारकून डबा उघडून जेवतोय.

हॉलिवूडचा सीन वाटतोय? डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आठ किलोंहून जास्त युरेनियम पकडलं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं, म्हणजे आपल्या बीएआरसीनं तपासून सांगितलं की हे डिप्लिटेड युरेनियम आहे. मग मे २०२१ मध्ये एटीएसनं मुंबईत ७.१ किलो नैसर्गिक युरेनियम जप्त केलं. किंमत लावली २१ कोटी! गुन्हा अणुऊर्जा कायदा, १९६२ खाली नोंदला गेला आणि पुढे तपास एनआयएकडे गेला. युरेनियम इतकं जड, की शुद्ध धातू असेल तर सात किलोंचा ऐवज अर्ध्या लिटरच्या बाटलीत मावेल. सॅकमध्ये टाकून नेलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

ठाणे-मुंबईचं एक बरं आहे, ट्रॉम्बे हाकेच्या अंतरावर. पण असाच माल सातारा किंवा सांगलीत सापडला तर? अशक्य नाही हो. कास्टिंग आणि वेल्डिंगचे जोड तपासायला इंडस्ट्रीत इरिडियम-१९२ वापरतात, आणि किर्लोस्करवाडीपासून कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीपर्यंत या पट्ट्यात कारखाने काही कमी नाहीत. गंमत म्हणजे इरिडियमच्या त्या कॅमेऱ्यांत किरणं अडवायला कवच असतं ते बहुतेकदा डिप्लिटेड युरेनियमचंच. भंगारात गेलं की नुसतं ‘जड लोखंड’!

नेहमीची पद्धत काय? एक हवालदार, एक पत्र, सीलबंद पुडकं, आणि एसटी नाहीतर जीप. साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटर, सांगलीहून पावणेचारशेच्या घरात. खंबाटकीचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोल, पुण्याचं ट्रॅफिक... आणि पुडकं मांडीवर. युरेनियमच्या बाबतीत हे कदाचित खपूनही जाईल. त्याची किरणं फार लांब जात नाहीत, खरा धोका त्याची पूड श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाण्याचा. इरिडियमची उघडी गोळी असेल तर मात्र त्या हवालदाराचं काही खरं नाही.

हे उगाच घाबरवण्यासाठी नाही. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली दवाखान्यातून चोरलेलं सीझियम भंगारवाल्याकडे पोहोचलं. घरातले सगळे आजारी पडायला लागले तेव्हा भंगारवाल्याच्या बायकोला त्या वस्तूचा संशय आला. तिनं ती पिशवीत घातली आणि चक्क सिटी बसनं आरोग्य खात्याच्या ऑफिसात नेऊन दिली. पिशवी खांद्यावर घेणाऱ्या नोकराचा खांदा भाजून निघाला. ती बाई त्याच वर्षी गेली, आणखी तिघं गेले. पण तिनं पिशवी आणली नसती तर कारण कळायला आणखी किती दिवस लागले असते कुणास ठाऊक. पुरावा जागेवरून हलवणं किती महाग पडतं ते बघा.

मग करायचं काय? सिंपल आहे. माल एक्स्पर्टकडे न्यायचा नाही, एक्स्पर्टला मालाकडे आणायचं. पुण्याजवळ सुदुंबऱ्यात एनडीआरएफची ५ वी बटालियन आहे, तिला अशा कामाचं ट्रेनिंग असतं. आधी मीटर फिरवायचा, जागा मोकळी करायची, फोटो-व्हिडिओ घ्यायचे. मग शिशाचा किंवा तसाच डबा. त्यावर लेबल : व्हाइट-वन, यलो-टू की यलो-थ्री, हे डब्याजवळ आणि एक मीटरवर किती किरणं येतात त्यावर ठरतं. गाडीच्या पृष्ठभागावर ताशी २ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नको, दोन मीटरवर ०.१ पेक्षा जास्त नको. ड्रायव्हरजवळ कागदपत्रं हवीत. आणि लाखेचं सील? तेही हवंच, डबा कुणी उघडला नाही हे कोर्टात सिद्ध करायला. फक्त ते आतल्या पुडक्यावर नाही, बाहेरच्या डब्यावर. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये विद्यापीठानं भंगारात काढलेल्या मशीनमधल्या कोबाल्टनं एकाचा जीव घेतला, तेव्हा गोळा केलेला माल असाच थेट नरोरा अणुवीज केंद्रात गेला होता.

इथे आणखी एक भारी गोची आहे. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते. म्हणजे वर्षभरात उरते साधारण तीन टक्के. आपल्याकडे केस बोर्डावर यायलाच किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे! ‘तो मुद्देमाल हाच का?’ असं वकिलानं विचारेपर्यंत मुद्देमालातला मुद्दा संपलेला असतो. म्हणून जप्तीच्या दिवसाचं रीडिंग, तारीख-वेळेसकट, हाच खरा पुरावा. कायदाही आता तेच म्हणतोय. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं होतं की माल ठाण्यात कुजवू नका, फोटो-पंचनामा करून निकालात काढा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं त्याला मुदत घातली : कोर्टानं १४ दिवसांत यादी आणि फोटो करायचे, त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. किरणोत्सारी मालासाठी याहून सोयीचा नियम सापडणं कठीण.

हां, यातलं बरंचसं प्रकरण बोगस निघतं हेही खरं. तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, म्हणजेच ‘राइस पुलर’, माहीत आहे ना? दिल्लीत २०१८ मध्ये एका बाप-लेकानं त्यासाठी चक्क ‘अँटी-रेडिएशन सूट’ घालून दाखवले होते, नासाचं नाव सांगून! तरीपण मीटर फिरवल्याशिवाय बोगस म्हणायचं नाही. नाहीतर एखाद दिवशी खरा माल रॅकवर जायचा.

आणि तुमच्या कंपनीच्या यार्डात भंगारावर पिवळ्यावर काळा तीन पात्यांचा पंखा दिसला तर? लांब व्हा, इतरांनाही लांब करा, ११२ लावा. फोटोसाठी जवळ जाऊ नका, मोबाइलला झूम आहे की!