नव्वद रुपयांचं एक भेदरं!
(तृतीय वर्ष, सिव्हिल)

हॉस्टेलवाल्यांचा आम्हा लोकल पोरापोरींवर एक कायमचा आरोप असतो. "तुम्हाला काय बाई, घरचं ताजं ताजं जेवण!" परवा मेसमध्ये गेस्ट कूपनवर जेवायला बसले तर पुन्हा तेच. त्यातून कोणीतरी सांगितलं की हिच्या घरी तर भाजीची बाग पण आहे! मग काय, सगळ्याजणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी रोज सकाळी टोपलं घेऊन मळ्यात जाते.

मैत्रिणींनो (आणि मित्रांनो), माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात पहिल्या वर्षाचा हिशोब लिहिलाय. बियाणं 60, गांडूळखत 300, काड्या आणि सुतळी 80, निमतेल 100, पाण्याचा पाईप 450. एकूण 990 रुपये. त्या वर्षी टमाटर निघाले मोजून अकरा. भागाकार तुम्हीच करा, इंजिनिअरिंगला आहात.

आमचं घर सदरला. जुनं आहे, त्यामुळे मागे थोडंसं अंगण उरलंय. बारावीनंतरच्या सुट्टीत बाबांनी ठरवलं की तिथे पेव्हिंग ब्लॉक बसवायचे आणि गाडी आत घ्यायची. आजी म्हणाली, "माती झाकू नको रे." पण आजीचं कोण ऐकतं! मग मी मध्ये पडले. मी इथे भाजी लावून दाखवते, ब्लॉक थांबवा. बाबा हसले. "एवढ्या जागेत काय शेती करून राहिली तू?" पण मुदत दिली.

माझी तयारी काय होती? शून्य. कॉन्व्हेंटमध्ये रॅडिश, स्पिनॅच, ब्रिंजल चित्रांवरून पाठ केलेले. भाज्यांची मराठी नावं मी आजीकडून शिकले आणि ती पण वऱ्हाडी. आजी टमाटरला भेदरं म्हणते, चवळीच्या शेंगांना बरबटी आणि कोथिंबिरीला अर्थातच सांबार. आमच्या वर्गातल्या पुण्याच्या मैत्रिणीला मी एकदा म्हटलं, "घरचा सांबार आणू का तुला?" तर ती म्हणाली, "चालेल, पण सोबत इडली पण आण!" असो.

पहिली चूक जूनमध्ये. पहिला पाऊस पडला, सगळीकडे हिरवं झालं, मला पण जोर आला. आधी खणताना फुटकी कौलं आणि विटाच निघाल्या, त्याखाली काळी माती. ही तीच माती जिला आपण सॉइल मेकॅनिक्समध्ये ब्लॅक कॉटन सॉइल म्हणतो आणि लिक्विड लिमिट काढताना वैतागतो. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. जुलैच्या झडीत तिच्यात पाणी उभं राहिलं आणि माझी रोपं मुळापासून सडली. वाचली ती दोन. आजी ओट्यावरून बघत होती. "वाफा उंच करायचा असतो बाई पावसाळ्यात," ती म्हणाली. मग आधी का नाही सांगितलं? "तू विचारलं कुठे?"

दुसरी चूक फेब्रुवारीत. यावेळी वाफे उंच, शेणखत घातलेलं, रोपं एकदम झकास. एप्रिलमध्ये फुलंच फुलं! मी फोटो काढले. आणि मग रोज सकाळी ती फुलं खाली पडलेली दिसायला लागली. मला वाटलं कीड लागली, म्हणून निमतेल आणून फवारलं (तेच ते 100 रुपये). कीड नव्हतीच. दिवसाचं तापमान 35 च्या वर गेलं आणि रात्र पण गरम राहिली की टमाटरचं फूल नीट फळत नाही, गळून जातं. आणि आपलं नागपूर म्हणजे काय, मे 2013 मध्ये इथे 47.9 ची नोंद झालेली आहे. त्या उन्हात टमाटरने काय करावं बिचाऱ्याने? पाण्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा आई आधी टाक्या भरते. कूलरचा नंबर दुसरा, माझ्या रोपांचा तिसरा. एक दिवस कूलरचं उरलेलं पाणी टाकलं तर आजी ओरडली, त्यात क्षार असतात म्हणून.

तिसऱ्यांदा मी विचारलं. आजी म्हणाली, गणपती गेले की वाफे कर, दसऱ्याच्या सुमारास लाव. आणि खरंच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही पालक, मेथी, सांबार, मुळा विकत आणला नाही. वांगी इतकी आली की शेजाऱ्यांना वाटली. वालावर मावा पडला, अर्धा वेल गेला. उरलेल्या शेंगांतल्या काही खारींनी नेल्या. पण टमाटर! झाडावर पिकलेलं टमाटर कसं लागतं हे मला विसाव्या वर्षी कळलं, हे मी लाजत लाजत कबूल करते.

आता माझं मत सांगते, कारण संपादकांनी लेख "मत" या सदरात मागितलाय. (सदरमध्ये राहणारीने सदर लिहायचं, हा विनोद होऊन गेलाय, करू नका.)

"घरी भाजी लावा, पैसे वाचवा" असं जे सगळे सांगतात ना, ते अर्धवट सांगतात. पैसे वाचत नाहीत, निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. एवढ्याशा जागेत घराचं पोट पण भरत नाही. ज्याला पैसे वाचवायचेत त्याने संध्याकाळी उशिरा मंगळवारी बाजारात जावं. जुलै 2023 मध्ये टमाटर शंभरीच्या पार गेले तेव्हा आमच्या घरात जी बोंब झाली, त्यात मी पण होते. आज कोणी शंभर म्हणालं तर मला ते माझ्या भेदरापेक्षा फारच स्वस्त वाटतं. आई अजूनही घासाघीस करते. मी तेवढ्या वेळ दुसरीकडे बघते.

मग बाग कशाला? एक कारण माझ्या विषयातलं आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नागपुरात घराघरात पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. तो पाऊस भयानक होता, माझ्या चार वाफ्यांनी काही थांबला नसता. पण पक्क्या जमिनीवरचं जवळजवळ सगळं पाणी रस्त्यावर जातं आणि बागेच्या जमिनीवरचं त्याच्या निम्म्याहून कमी, हे आपण हायड्रॉलॉजीत शिकतो आणि घरी जाऊन अंगणात ब्लॉक बसवतो.

दुसरं कारण आपली मेस. रोज किती साली, देठं, पानं फेकली जातात ते मागच्या दाराने जाऊन बघा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी, जे मूळचे गणिताचे प्राध्यापक, 'प्रयोग परिवार' उभा करून हेच सांगितलं की पालापाचोळ्यातून चांगली माती आपण स्वतः तयार करू शकतो. त्याच विचारांचा आधार घेऊन प्रीती पाटील यांनी 2002 साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातला कचरा वापरून बाग केली. त्या तिथे केटरिंग ऑफिसर होत्या, म्हणजे आपल्या भाषेत मेसवाल्याच! त्यांना जमलं तर आपल्याला काय धाड भरली?

फक्त एक सांगते. हॉस्टेलच्या गच्चीवर माती चढवू नका. ओली माती फूटभर जाडीची घातली तर दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर वजन होतं आणि आयएस 875 मध्ये चालण्याफिरण्याच्या गच्चीला दीडशेच्या आसपास धरतात. रसवंतीवरची चिपाडं, वाळला पाला आणि मेसच्या साली हे मिश्रण बरंच हलकं असतं, पण ते पण आधी स्ट्रक्चर्सच्या सरांना विचारून. मला विचाराल तर गच्ची सोडा, मेसच्या मागची जमीन घ्या. तिथे सकाळचं ऊन येतं, नळ जवळ आहे.

आणि दरवर्षीच्या वृक्षारोपणासारखं करू नका. पाहुणे, फोटो, हार, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप. यात झाडाचा दोष नाही, मे महिन्यात आपण सगळे घरी जातो! म्हणून आपली बाग ऑक्टोबरला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपली पाहिजे. मार्चपासून वाफ्यावर पाचोळा अंथरायचा आणि सुट्टीवर जायचं. टमाटरच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. मेथी आणि सांबार लावा, महिन्या-दीड महिन्यात ताटात येतात.

आमच्या अंगणाचं अजून ठरलेलं नाही. मी ड्रॉईंग काढून दिलंय, गाडीच्या चाकांपुरते ब्लॉकचे दोन पट्टे आणि बाकी माती. बाबा बघतो म्हणाले. आजीने मात्र वाट न बघता मधल्या जागेत अंबाडी टाकून दिली आहे. गाडी तिच्यावरून गेली तर बाबांना दोन दिवस जेवायला मिळणार नाही असं दिसतं.

मेसच्या मागच्या जागेसाठी रेक्टर मॅडमना अर्ज दिलाय. त्या म्हणतात, निदान सहाजणींनी पाणी घालायची जबाबदारी लेखी घ्या. चार नावं झाली आहेत. मी डे-स्कॉलर असल्यामुळे माझं धरत नाहीत, म्हणून दोन हवीत.

वही मी आणीन.