वसईच्या घंटा आणि नागासाकीची घंटा

दिवाळी जवळ आली की वारज्यातल्या सोसायट्यांच्या कोपऱ्यांत विटा, दगड आणि गोणपाट गोळा होऊ लागतात. माती कालवली जाते, बुरूज उभे राहतात, उतारावर अळीव पेरले जातात. मग किल्ल्यावरची चित्रे मांडायची वेळ येते. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, तटावर तोफा. युद्धाशी आपल्या मुलांची पहिली ओळख होते ती या किल्ल्यावर. तिथे पराक्रम असतो, गड असतो, भगवा असतो. युद्धात मेलेली माणसे मात्र त्यात नसतात. लहान मुलांनी ती मांडावीत असे आमचेही म्हणणे नाही. पण किल्ला करणारी मुले मोठी होतात, आणि या माणसांची आठवण कुणी ठेवायची हा प्रश्न तेव्हा त्यांच्यासमोर यायला हवा.

आपल्या वस्तीजवळून जाणारा रस्ता एनडीए रोड म्हणून ओळखला जातो. तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे जातो. प्रबोधिनीत ‘हट ऑफ रिमेंबरन्स’ नावाची एक साधी वास्तू आहे, छात्रांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. इथे शिकून गेलेल्या आणि रणांगणावर पडलेल्या अधिकाऱ्यांची स्मृती तिथे जपली आहे. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले प्रबोधिनीचे पहिले माजी छात्र. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोमध्ये त्यांना वीरमरण आले. ते तिथे गेले होते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून. शांतता राखायला गेलेला माणूस लढता लढता गेला, हे आपल्या दाराजवळच्या इतिहासाचेच एक पान आहे.

दुसरे पान थोडे मागचे. वारज्याहून साताऱ्याच्या दिशेने महामार्ग धरला की नसरापूरचे बनेश्वर लागते. तिथली मोठी घंटा १६८३ सालची आहे. तसेच पुढे वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, आणखी एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती उठवलेली आहे. कृष्णेच्या पाण्यासमोर, शंकराच्या देवळाजवळ, हात लावला तर बोटांना जाणवेल अशी ती आई आणि तिचे मूल. नाशकात गोदावरीकाठची नारोशंकराची घंटाही याच घराण्यातली. या सगळ्या घंटा वसईच्या मोहिमेतून आल्याचे सांगतात.

ती मोहीम १७३९च्या मे महिन्यात संपली. चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज राजवटीत उत्तर कोकणातल्या हिंदू रयतेने फार सोसले होते, देवळे पाडली गेली होती, सक्तीची धर्मांतरे झाली होती. ते विसरून हा इतिहास सांगता येणार नाही. मराठ्यांची माणसेही तटाखाली सुरुंगांत आणि माऱ्यात हजारोंनी पडली. तरीही तह झाला तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला बायकामुलांसह, सामानसुमानासह जाऊ दिले गेले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. आम्हाला विजयाइतकाच, किंबहुना थोडा अधिक, या तहाचा अभिमान वाटतो. आणि घंटांविषयीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. तोफा ओतायला लागणारा धातू त्या काळी मोलाचा होता. युरोपात युद्धे पेटली की चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या गेल्या आहेत. आपल्याकडे या घंटा वितळवल्या नाहीत. त्या पुन्हा देवाच्याच दारात टांगल्या गेल्या. जिंकून आणलेली वस्तू होती ती, यात शंका नाही. पण तिचा आवाज बंद केला गेला नाही, मरियामातेची आकृतीही कुणी घासून काढली नाही.

याच वसईत, या लढाईच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षे आधी, गोन्सालो गार्सिया जन्मले. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. जपानमध्ये आधी ते मिशनऱ्यांबरोबर राहिले, पुढे व्यापारात पडले आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघात दाखल झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्याने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंसोबत १५९३ मध्ये ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. सत्ताधीश हिदेयोशीची मर्जी फिरली. गोन्सालो आणि त्यांच्या साथीदारांना धरले, डाव्या कानाचा तुकडा कापून धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर एकूण सव्वीस जणांना क्रुसावर चढवले. त्यांतला सर्वांत धाकटा बारा वर्षांचा होता. जपानी असलेल्या पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच मारणाऱ्यांना क्षमा केली. १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळाले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत. वसईत त्यांच्या नावाचे कॉलेज आहे, पण वसईबाहेरच्या किती मराठी वाचकांना हे नाव माहीत आहे? नागासाकीत मात्र त्या टेकडीवर सव्वीस जणांचे ब्राँझमधले स्मारक १९६२ पासून उभे आहे, आणि त्यात आपला हा वसईकर आहे.

त्याच नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब पडला. स्फोटाच्या केंद्रापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर उराकामीचे कॅथेड्रल होते. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आठवड्यावर आला होता आणि लोक पापनिवेदनासाठी आले होते. आत होते त्यांतले कुणी वाचले नाही. ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना अडीचशे वर्षे लपूनछपून तो जपलेल्या माणसांच्या वंशजांची ही वस्ती. बॉम्ब टाकणारे विमान ज्या तिनियान बेटावरून उडाले तिथे सैनिकांना आशीर्वाद देणारे धर्मगुरू होते फादर जॉर्ज झाबेल्का. पुढे त्यांनी जाहीर पश्चात्ताप केला आणि उरलेले आयुष्य युद्धाविरुद्ध बोलण्यात घालवले. आशीर्वाद देणारा हात आणि जळालेले चर्च एकाच धर्माचे. ‘धर्म वेगळे म्हणून युद्धे होतात’ असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर शोधावे.

कॅथेड्रलच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली आणि १९४५च्या नाताळात वाजली. दुसरी फुटली होती. तिच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली. २०२५च्या ९ ऑगस्टला, ऐंशी वर्षांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्यांच्या देशाने बॉम्ब टाकला त्यांनी दिलेली घंटा, ज्यांच्यावर पडला त्यांनी आपल्या मनोऱ्यात बांधून घेतली. आम्हाला स्मरण म्हणजे हेच वाटते. सूडाची यादी जपून ठेवण्याला आम्ही स्मरण म्हणणार नाही.

आज रोज कुठल्या ना कुठल्या युद्धाची बातमी हातातल्या मोबाइलवर येते, आणि आपण कोणाच्या बाजूचे हे ठरवून मगच हळहळतो. हे बदलायला हवे. आपल्या बाजूच्या हुतात्म्यांसमोर मान झुकवावीच. पण पलीकडे मेलेल्यालाही आई होती, एवढे कबूल करण्याने आपल्या हुतात्म्यांच्या बलिदानाला उणेपणा येत नाही. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, ओळीने, दूरदूरच्या गावच्या मुलांच्या. पुण्यात राहून आपल्यापैकी किती जण तिथे गेले आहेत?

वाचकहो, २ नोव्हेंबर हा ख्रिस्ती बांधवांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. धनत्रयोदशीला आपण यमदीप लावतो. तसाच त्या दिवशी एक दिवा युद्धात गेलेल्या सर्वांसाठी लावावा, अशी आमची विनंती आहे. सुट्टीत मुलांना घेऊन बनेश्वरला किंवा मेणवलीला जा. घंटेवरचे साल त्यांना वाचायला सांगा आणि ती कुठून, कशी आली ते काहीही न लपवता सांगा. तुमच्या घरात कुणी युद्धावर गेले असेल तर त्यांची पत्रे, त्यांच्या आठवणी आमच्याकडे पाठवा; पुढच्या अंकात त्यांना जागा देऊ.