न्यूमार्केटचा घोडा, बडोद्याचा खजिना

१/ ‘स्वातंत्र्यानंतर महिन्याभरात मराठा राजाच्या घोड्याने इंग्रजांना त्यांच्याच मैदानात धूळ चारली!’ असा अभिमानाचा सूर अधूनमधून ऐकू येतो. घटना खरी आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये डॉनकास्टरची सेंट लेजर शर्यत बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या घोड्याने जिंकली. त्यातून काढलेला अर्थ मात्र तपासून पाहावा असा आहे.

२/ घोडा इंग्लंडमध्ये जन्मलेला, १९४५ च्या डर्बी विजेत्या डांटेचा सख्खा भाऊ. प्रशिक्षक सॅम आर्मस्ट्राँग इंग्रज, जॉकी एडगर ब्रिट ऑस्ट्रेलियन. मग यात मराठी काय होते? नाव आणि पैसा. नाव होते ‘सयाजीराव’, महाराजांच्या आजोबांचे.

३/ त्या नावानेच प्रश्न गंभीर होतो. सयाजीराव तिसऱ्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. एकूण ४१४ पौंड.

४/ आता १९४५ चा हिशेब. ‘सयाजीराव’ हे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले गेले. त्या काळी हा विक्रमी भाव होता. म्हणजे २९,४०० पौंड, तत्कालीन दराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये. एका शिंगराच्या किमतीत तशा ७१ शिष्यवृत्त्या. मधल्या काळात महागाई चौपट झाली असे धरले तरी सतरा उरतात. आणि ही केवळ खरेदी. तबेले, प्रशिक्षण, पैदास केंद्र यांचा खर्च वेगळाच.

५/ कोणी म्हणेल, स्वतःच्या पैशाने हौस केली तर बिघडले कुठे? वाद नेमका इथेच आहे. संस्थानाचा खजिना आणि राजाचा खिसा यांतील सीमारेषा आजोबांनी कसोशीने सांभाळली. नातवाच्या काळात ती पुसट झाली. खजिन्यातून उचललेल्या रकमांवरून १९४८ मध्ये प्रजेच्या प्रतिनिधींनी जाब विचारला. १९४९ मध्ये बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून फत्तेसिंहरावांना दिली. संस्थानिकांच्या संघटनेचे राजकारणही त्यामागे होते, हे खरे. बडोद्याचे विद्यापीठ १९४९ मध्ये प्रतापसिंहरावांच्याच कारकिर्दीत उभे राहिले, हेही त्यांच्या पदरात टाकले पाहिजे.

६/ ‘हा तर मराठ्यांच्या अश्ववारशाचा विस्तार’ हा युक्तिवाद त्याहून दुबळा. मराठ्यांची सत्ता भीमथडीच्या काटक, बुटक्या तट्टांवर उभी राहिली. शिवकालीन पागेत बारगिराचा घोडा सरकारचा. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार. घोडा ही हिशेबातली वस्तू होती. त्या दख्खनी वाणाच्या पैदाशीकडे कोणत्या राजाने न्यूमार्केटएवढे लक्ष दिले? आज महाराष्ट्राच्या राज्यगीतात त्या तट्टांचा उल्लेख आहे. स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मात्र अगदी अलीकडची. तीही टिकली ती प्रामुख्याने मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगरांमुळे.

७/ बडोद्याच्या घोड्यांचा वंश कुठे गेला, हेही पाहावे. ‘माय बाबू’ने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली, त्याच्या ‘अवर बाबू’ने १९५५ ची. ‘माय बाबू’ पुढे अमेरिकेला गेला, ‘सयाजीराव’ आयर्लंडमध्ये राहिला. रक्त परदेशी तबेल्यांना मिळाले. बिल बडोद्याने भरले.

८/ डॉनकास्टरला तो घोडा धावला तेव्हा परभणी जिल्ह्यातील ताडकळस निजामाच्या राज्यात होते. तिथे सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी मुलाला मायबोलीतून वरचे शिक्षण दुर्मीळ. त्याच वेळी मराठी भाषेला राजाश्रय देणाऱ्या एका संपन्न गादीचा पैसा इंग्लंडच्या हिरवळीवर धावत होता, आणि त्याला नाव दिले होते शाळा काढणाऱ्या राजाचे.