उस्मानाबादच्या बायकांचं देणं

माझ्याकडे एक काकू गेली सात वर्षं बीपीच्या गोळ्यांसाठी येत होत्या. सिन्नरकडच्या गावातून, दर दोन महिन्यांनी, न चुकता. एकदा गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, पाळी परत सुरू झालीय बघा. सहा वर्षं बंद होती." पाळी अशी परत सुरू होत नसते. मी त्यांना त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, आणि तो बराच पुढे गेलेला होता.

सात वर्षं मी त्यांचं बीपी मोजलं, साखर तपासली, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारला. "गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कधी केलीय का?" हे एक वाक्य मात्र मी एकदाही विचारलं नाही. ते काम माझं नाही, असं मी धरून चाललो होतो. म्हणून आजचा लेख थोडा रागाने लिहितोय. त्यातला बराचसा राग स्वतःवरच आहे.

हा कॅन्सर एकाएकी होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग बऱ्याच स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या बाबतीत तो टिकतो. मग पेशी हळूहळू बदलतात, आणि बदललेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे पकडायला आपल्या हातात दहा वर्षं असतात. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. दर सात मिनिटांना एक.

आता तुम्ही म्हणाल, यावर चांगली तपासणी सापडलेली नसेल. सापडली आहे. आणि ती सापडली आपल्याच महाराष्ट्रात.

उस्मानाबादला काय झालं?

१९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले.

पहिल्या गटात एचपीव्ही तपासणी झाली. दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून कुठे पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं. या तिन्ही गटांत तपासणी एकदाच केली गेली. चौथा गट तुलनेसाठी होता. त्यातल्या ३१,४८८ स्त्रियांना माहिती दिली गेली, पण त्यांची तपासणी केली गेली नाही.

मग सगळ्यांवर आठ वर्षं लक्ष ठेवलं. निकाल २००९ मध्ये जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४ गेल्या, आणि तो गट संख्येने लहान होता. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्यांची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली होती, त्यांच्यातली एकही त्या आठ वर्षांत या कॅन्सरने गेली नाही. एकदाच केलेल्या पॅप स्मिअरने किंवा व्हीआयएने मात्र मृत्यूंत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

त्या ६४ जणींचं काय?

इथे अनेकांचा जीव अडखळतो. माझाही अडखळला. पॅप स्मिअरने प्रगत देशांत या कॅन्सरचे मृत्यू कमी झाल्याचं १९९९ च्या आधीच माहीत होतं. मग तीस हजारांहून जास्त स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणं योग्य होतं का? अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी हा प्रश्न जाहीरपणे विचारला. मुंबईतून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये २०१४ साली त्यावर लिहिलं.

संशोधकांची बाजूही ऐका. ते म्हणत होते की भारतात खेड्यातल्या बाईची नेहमीची काळजी म्हणजे शून्य तपासणी. आम्ही कोणाकडून काही काढून घेतलेलं नाही. पॅपसाठी प्रयोगशाळा, तज्ज्ञ, वारंवार बोलावणं लागतं, ते इथे जमणारं नाही. इथे काय चालेल हे तुलना केल्याशिवाय कळणार नाही, आणि कळलं तर लाखो स्त्रिया वाचतील.

मी माझं मत सांगतो. हे समर्थन एका अटीवर उभं आहे. उत्तर मिळालं की ते वापरलं जाईल, ही ती अट. त्या गावांतल्या बायकांनी जे दिलं, ते त्यांच्या लेकीसुनांना आणि तुमच्या-आमच्या घरातल्या बायकांना परत मिळायला हवं होतं. ते मिळालं नसेल, तर त्या ६४ मृत्यूंचं समर्थन कोणालाच करता येणार नाही. आणि तो दोष एकट्या संशोधकांच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

उत्तर मिळाल्यावर आपण काय केलं?

जगाने ते उत्तर उचललं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की पहिली तपासणी एचपीव्हीचीच असावी, तिशीपासून सुरू करावी आणि दर पाच ते दहा वर्षांनी करावी. त्या शिफारशीमागच्या पुराव्यांत उस्मानाबादच्या बायका आहेत.

आपल्याकडे २०१६ मध्ये सरकारी मार्गदर्शिका आली, तिच्यात व्हीआयए ठेवलं. ते अगदी निरुपयोगी नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांचा दुसरा अभ्यास केला. तिथे प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केलं, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण त्यासाठी तयार हात हवेत आणि पुन्हा पुन्हा तपासणी हवी. आणि प्रत्यक्षात? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. उस्मानाबादचा निकाल छापून आल्यावर दहा वर्षांनी ही स्थिती!

सबबी

पहिली सबब: बायका येत नाहीत. उस्मानाबादला एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ पैकी २७,१९२ जणी आल्या. दहांत आठ. दुष्काळी भागातल्या, रोजंदारी बुडवून आलेल्या बायका. कोणी गावात येऊन नीट समजावून सांगितलं, म्हणून त्या आल्या. बायका येत नाहीत असं म्हणणाऱ्याने आधी बोलावलं होतं का, ते सांगावं.

दुसरी सबब: तपासणी महाग आहे. बाहेर ती स्वस्त नाही, हे खरं. पण पुण्याच्या आणि गोव्याच्या कंपन्यांनी बनवलेल्या देशी चाचण्यांची पडताळणीही आता झाली आहे. शिवाय ही दरवर्षी करायची तपासणी नाही. पाच-दहा वर्षांतून एकदा करायची आहे. 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती पाहून आपण दरवर्षी निरोगी माणसाच्या पन्नास चाचण्या करतो. त्या पॅकेजमध्ये ही तपासणी आहे का, ते एकदा पाहा.

तिसरी सबब मी नाशिकच्या चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकतो: "आमच्याकडे तसलं काही नसतं." हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, म्हणून ही कुजबुज. एकाच जोडीदारासोबत संसार केलेल्या स्त्रीलाही तो होऊ शकतो. तो वीस वर्षं जुना असू शकतो. त्याचा कोणाच्या चारित्र्याशी संबंध लावू नका.

आणखी एक गोष्ट. तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. अंगावरून पांढरं जातंय, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगून तरण्या बायकांची गर्भाशयं काढली जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. शंका असेल तर तपासणी करा. तपासणी न करता कोणी थेट पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

तुम्ही काय करायचं?

तुमचं वय तिशीच्या पुढे असेल आणि ही तपासणी कधीच झाली नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना स्वतःहून "एचपीव्ही तपासणी करायची आहे" असं सांगा. पाळीचे दिवस सोडून जा. ब्रशने नमुना घेतात, भूल लागत नाही, दोन-चार मिनिटांचं काम आहे. अनेक ठिकाणी स्वतःचा नमुना स्वतः घेण्याचीही सोय असते, विचारून पाहा. एचपीव्ही परवडत नसेल तर सरकारी केंद्रात व्हीआयए मागा. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. त्याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. पुढची तपासणी करायची, आणि बदललेल्या पेशी सापडल्या तर त्या छोट्या उपचाराने काढता येतात. बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही.

पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, सतत दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काही असेल तर तपासणीच्या वेळापत्रकाची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

आणि उद्या कोणी तुम्हाला एखाद्या संशोधनात सहभागी व्हा म्हणालं, तर दार लावून घेऊ नका. संशोधन हवंच. पण सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. मला कोणत्या गटात टाकणार आणि त्या गटाला काय मिळणार? आज उपलब्ध असलेला चांगला उपचार मला नाकारला जाणार आहे का? मधेच बाहेर पडता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचा: यातून जे सापडेल, ते माझ्या गावाला कधी मिळणार? उस्मानाबादच्या बायकांच्या वतीने हा शेवटचा प्रश्न कोणीतरी लावून धरायला हवा होता.

माझ्यापुरतं मी एक केलंय. बीपी-शुगरसाठी येणाऱ्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर आता एक ओळ वाढली आहे: गर्भाशयमुख तपासणी, कधी? नवऱ्याच्या औषधांसाठी सोबत आलेल्या बाईलाही मी हे विचारतो. काहीजणी लाजतात, काही हसतात. बहुतेकींचं उत्तर "कधीच नाही" असं असतं.

आज घरी आईला, बायकोला, सासूला, बहिणीला हाच प्रश्न विचारा. उत्तर "कधीच नाही" आलं, तर या महिन्यातली एक तारीख तिथेच ठरवा.