अछूत कन्या कुणाच्या बापाची?

वस्तीत पडदा लावून 'अछूत कन्या' दाखवायचं ठरलं. कळल्याबरोबर एक सुटाबुटातला इसम हजर. म्हणाला, "हक्क आमच्याकडे आहेत. पैसे भरा, पावती घ्या." कागद मागितला तर कागद नाही. डिस्कच्या खोक्यावर छापलेलं कंपनीचं नाव दाखवतो. दोस्तहो, मी गोदीत पेट्या उचलतो. पेटीवर कुणीही नाव रंगवावं. माल कुणाचा ते बिल ऑफ लेडिंगवर कळतं.

मग हिशोब मीच केला. मॅट्रिकचं गणित पुरतं. कायदा १९५७ चा, कलम २६. चित्रपट लोकांसमोर आला ते साल धरायचं, पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. दिग्दर्शक कधी मेला, नट कधी मेला, याचा इथं संबंध नाही. डिस्क कधी निघाली याचाही नाही. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट १९३६ चा. म्हणजे उशिरात उशिरा ३१ डिसेंबर १९९६ ला मालकी खलास. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, आणि हा माझ्याकडं पावती फाडायला येतो!

मुदत आधी ५० वर्षंच होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या पुस्तकांचे हक्क संपायला आले, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीनं, ज्यांचे हक्क अजून शिल्लक होते त्या सगळ्यांनाच दहा वर्षं वाढवून मिळाली. आणि अछूत पोरीचं काम करणारी देविका राणी ठाकुरांच्याच नात्यातली. असो.

एक मेख आहे. गाण्याची चाल वेगळी मोजतात, संगीतकाराच्या मरणापासून. सरस्वती देवी १९८० ला गेल्या, म्हणजे ती चाल २०४० च्या अखेरीस मोकळी होणार. ती नव्यानं रेकॉर्ड करणाऱ्यानं जपून. नव्यानं केलेल्या सबटायटलवरही ज्याचा त्याचा हक्क असेल. चांगली प्रिंट देणारा प्रिंटचं भाडं मागेल, तेही समजू शकतो. पण हक्काचे पैसे? कसला हक्क?

'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला काय नवा आहे? १९२३ ला बोल्यांचा ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. पाण्याला हात लागला १९२७ ला, बाबासाहेबांबरोबर. वर खटला भरला तो भरलाच, हायकोर्टात निकाल लागला १९३७ ला. म्हणजे हा सिनेमा थेटरात लागला तेव्हा पाण्याचा खटला चालूच होता.

सिनेमा मला आवडतो असं नाही. फाटकवाल्याची कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते आणि बामणाचा प्रताप जिवंत राहतो. अछूत मेली की यांचा प्रश्न मिटला! पण शिव्या घालायच्या तर आधी बघायला नको? आपल्या पोरांनी बघावा, मधेच थांबवून भांडावं, म्हणून तर दाखवायचाय.

बिमल रॉयचा 'सुजाता' १९५९ चा. बोटं मोजा: ३१ डिसेंबर २०१९. तोही मोकळा.

सुटाबुटातला परत यायचाय म्हणे. हिशोब भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. शनिवारी दुसरी पाळी सुटली की खेळ. पडद्याला डाग नसलेली चादर कुणाकडं असेल तर आणा.